आकृती ७ नंतर पुन्हा आकृती १

संगणक आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या बारवांवर पीएच.डी. करते आहे. प्रबंध मराठीत आहे आणि वर्डमध्ये टाइप केला आहे. नकाशे, तलविन्यास, फोटो धरून सव्वाशेच्या आसपास आकृत्या आहेत. मार्गदर्शकांनी मध्येच काही नकाशे वाढवायला आणि काही फोटो काढायला सांगितले, तेव्हापासून क्रमांकांचा मेळ बसत नाही. आकृती ७ नंतर पुन्हा आकृती १ येते, मग ८, ९ आणि एकदम ११. आकृतीसूचीत जेमतेम निम्म्या आकृत्या आहेत. एके ठिकाणी 'आकृती १२ पाहा' असं होतं, तिथे आता अख्खा फोटोच येऊन बसलाय. थोड्या दिवसांत प्रत बाइंडिंगला द्यायची आहे. सगळे आकडे सरळ हाताने टाइप करून टाकू का? — एक संशोधक, सातारा

उत्तर : हाताने अजिबात टाइप करू नका. आज रात्री बसून सव्वाशे आकडे टाकाल, उद्या मार्गदर्शक म्हणतील, लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचा अजून एक फोटो घाला. मग त्या पुढचे सगळे आकडे, सूचीतले आकडे आणि मजकुरातले 'आकृती अमुक पाहा' हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय परीक्षक प्रबंध हातात घेतला की आधी अनुक्रमणिका आणि आकृतीसूची चाळतात. सूचीत एक पान आणि प्रत्यक्षात दुसरं निघालं, तर उन्हातान्हात बारवांत उतरून घेतलेल्या मापांबद्दलही मनात शंका येते. एवढ्या कष्टाच्या कामाला असा डाग लागू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

विद्यापीठाजवळ बसून प्रबंधांची जुळणी करणं हेच माझं रोजचं काम. तुम्ही सांगितलेली लक्षणं मराठी प्रबंधांत फार दिसतात आणि त्याला कारण आहे. वर्डमध्ये 'फिगर', 'टेबल' ही लेबलं तयार मिळतात. 'आकृती' हे लेबल मात्र आपल्याला 'न्यू लेबल'मध्ये जाऊन स्वतः बनवावं लागतं. मग घरच्या लॅपटॉपवर एक लेबल बनतं, विभागातल्या संगणकावर दुसरं आणि टायपिस्टकडे तिसरं. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, वर्डला ती वेगळी वाटतात.

आधी फाइलची एक प्रत दुसऱ्या नावाने ठेवा आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच करा. मग ऑल्ट धरून एफ९ दाबा. पानं विस्कटल्यासारखी दिसतील आणि अनुक्रमणिकेच्या जागी एक ओळ उरेल. घाबरू नका, तेच बटण पुन्हा दाबलं की सगळं पूर्ववत होतं. आता आकृत्यांखालच्या ओळी बघत चला. जिथे आकडा होता तिथे महिरपी कंस दिसेल. त्यात इंग्रजीत एसईक्यू ही तीन अक्षरं, त्यापुढे लेबलचं नाव आणि त्यापुढे आकडा कसा दाखवायचा याची खूण. वर्डमधलं मोजणीचं यंत्र ते हेच. एसईक्यूच्या पुढे जे नाव असेल त्या नावाची एक स्वतंत्र माळ वर्ड मोजतं. नाव बदललं की नवी माळ आणि मोजणी पुन्हा १ पासून.

तुमच्या फाइलमध्ये तीन प्रकार निघतील असा माझा अंदाज आहे. काही कंसांत 'आकृती', दीर्घ. काहींत 'आकृति', ऱ्हस्व. काहींत 'आकृती_क्र.', कारण लेबल बनवताना कुणीतरी 'आकृती क्र.' असं लिहिलं आणि मधल्या मोकळ्या जागेचा वर्डने अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, केला. ७ नंतरची ती १ म्हणजे या दुसऱ्या किंवा तिसऱ्या माळेतला पहिला मणी. पुढची ८ पुन्हा पहिल्या माळेतली. आकृतीसूची निम्मी का, याचंही उत्तर इथेच आहे. सूची एका वेळी एकाच लेबलच्या आकृत्या गोळा करते, बाकीच्यांकडे ती बघतही नाही. काही ओळींत कंस मुळीच दिसणार नाही, नुसता आकडा असेल. तो कुणीतरी हाताने टाइप केलाय किंवा दुसऱ्या फाइलमधून आणताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडून चिकटवलाय. तो आकडा जन्मभर तसाच राहणार, वर-खाली काही झालं तरी हलणार नाही.

एखादं प्रकरण आधी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप झालं असेल, तर आणखी एक शक्यता आहे. पडद्यावर 'आकृती' दिसतं, पण कंसात रोमन अक्षरांची खिचडी असते. तीही वेगळीच माळ. असं निघालं तर ते प्रकरण आधी युनिकोडमध्ये आणा, कॅप्शनच्या, म्हणजे आकृतीखालच्या ओळीच्या, दुरुस्तीकडे त्यानंतर वळा.

आता दुरुस्ती. कंस उघडे असतानाच कंट्रोल आणि एच दाबून 'फाइंड अँड रिप्लेस' उघडा. शोधायच्या चौकटीत एसईक्यू ही रोमन अक्षरं, एक मोकळी जागा आणि ऱ्हस्व 'आकृति'. बदलायच्या चौकटीत तेच सगळं, पण 'आकृती' दीर्घ. 'आकृती_क्र.'साठीही असंच करा. एसईक्यू हा शब्द पुढे ठेवायचा आग्रह यासाठी, की नुसतं 'आकृति' शोधून सरसकट बदललंत तर प्रबंधात जिथे जिथे 'आकृतिबंध' आहे तिथे 'आकृतीबंध' होईल. स्थापत्यावरच्या प्रबंधात तो शब्द किती वेळा येत असेल, ते तुम्हीच जाणता. कॅप्शनमध्ये कंसाबाहेर दिसणारा 'आकृति' हा शब्द मात्र एकेक करून, 'फाइंड नेक्स्ट' दाबत, बघून बदला.

हाताने टाइप केलेल्या आकड्यांसाठी प्रत्येक ठिकाणी 'इन्सर्ट कॅप्शन' करत बसायची गरज नाही. एखाद्या बिनचूक कॅप्शनमधला 'आकृती' शब्द आणि आकडा, एवढाच भाग कॉपी करा आणि चुकीच्या आकड्यावर चिकटवा. कंस मिटवल्यावर सुरुवातीला सगळीकडे तोच आकडा दिसेल. दिसू द्या. सगळं झालं की ऑल्ट-एफ९ने कंस मिटवा, कंट्रोल-ए करून सगळं निवडा आणि एफ९ दाबा. आकडे आपोआप ओळीत येतील. लॅपटॉपवर एफ९ने आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होत असेल, तर सोबत एफएन बटण धरा. सूची अद्ययावत करताना वर्ड विचारेल, फक्त पान क्रमांक बदलू की सगळी सूची? 'अपडेट एन्टायर टेबल' निवडा.

९ नंतर ११ का, हा वेगळा प्रश्न. १० नंबर फाइलमध्ये कुठेतरी आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही. मार्गदर्शकांनी 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवून फोटो काढला असेल, तर त्याचं कॅप्शन खोडलेल्या अवस्थेत फाइलमध्येच असतं आणि ते बदल 'अॅक्सेप्ट' करेपर्यंत मोजणीतही धरलं जातं. 'रिव्ह्यू'मध्ये जाऊन आधी सगळे बदल स्वीकारा किंवा नाकारा, आणि मगच एफ९. तरीही १० सापडलं नाही, तर एखाद्या फोटोच्या मागे दबलेल्या टेक्स्ट बॉक्समध्ये बघा.

या टेक्स्ट बॉक्सबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण आकड्यांच्या गडबडीचं सगळ्यात मोठं मूळ तेच आहे. फोटोला 'स्क्वेअर' किंवा 'टाइट' असं रॅपिंग दिलेलं असेल आणि मग 'इन्सर्ट कॅप्शन' केलं, तर कॅप्शन एका तरंगत्या चौकटीत जातं. चौकट पानावर कुठे दिसते याच्याशी मोजणीला देणंघेणं नसतं. तिचा नांगर कुठल्या परिच्छेदाला टाकलेला आहे, ते धरून तिचा क्रम ठरतो. म्हणजे पानावर वर दिसणारी आकृती १५ आणि तिच्याखालची १४, असा प्रकार होतो. भरीला भर म्हणजे कंट्रोल-ए केल्यावर या चौकटींतला मजकूर निवडलाच जात नाही, त्यामुळे एफ९ दाबूनही तिथले आकडे शिळेच राहतात. माझा सल्ला स्पष्ट आहे : प्रबंधात एकही आकृती तरंगती ठेवू नका. फोटोवर क्लिक करून 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडा. चौकटीतलं कॅप्शन कापून फोटोच्या खालच्या स्वतंत्र ओळीत चिकटवा आणि रिकामी चौकट काढून टाका. फोटोच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' दिलंत, की फोटो एका पानावर आणि कॅप्शन पुढच्या पानावर असं होणार नाही.

शेजारी शेजारी दोन फोटो हवे असतील, उदाहरणार्थ पायऱ्यांची एक बाजू आणि दुसरी बाजू, तर बिनरेघांचा दोन रकान्यांचा तक्ता घाला. वरच्या ओळीत फोटो, खालच्या ओळीत कॅप्शन. तक्त्यात मोजणी डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ पुरी करत होते, त्यामुळे क्रम बिघडत नाही.

आता 'आकृती १२'च्या जागी उगवलेला फोटो. 'क्रॉस-रेफरन्स' घालता तेव्हा वर्ड त्या कॅप्शनभोवती एक लपलेली खूण, म्हणजे बुकमार्क, ठेवतं आणि खुणेच्या आत जे असेल ते मजकुरात आणून दाखवतं. तुमच्याकडून नवा फोटो घालताना कर्सर कॅप्शनच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला राहिला असणार. फोटो त्या खुणेच्या पोटात गेला आणि संदर्भाच्या जागी अवतरला. कॅप्शनच्या ओळीतून तो कंट्रोल-एक्सने कापा. वरच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊन एंटर दाबा आणि त्या नव्या ओळीत चिकटवा. मग एफ९. एखादा संदर्भ तरीही हटला नाही, तर तो पुसून नव्याने घाला. यापुढे फोटो घालताना आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी एंटर मारूनच जागा करा, कॅप्शनच्या डोक्यावर नव्हे.

मजकुरातले सगळे 'आकृती अमुक पाहा' अशाच क्रॉस-रेफरन्सने घाला, 'ओन्ली लेबल अँड नंबर' निवडून. विभक्तीचा प्रत्यय आकड्यानंतर जोडा : 'आकृती ३.४मध्ये दिसते त्याप्रमाणे'. संदर्भाच्या आत जाऊन 'आकृतीत' असं करू नका. तुमची दुरुस्ती पुढच्या एफ९ला पुसली जाईल.

तुमच्या पत्रातले आकडे सरळ १, २, ३ असे आहेत. विद्यापीठाला प्रकरणवार ३.१, ३.२ असे हवे असतील, तर कॅप्शनच्या खिडकीत 'नंबरिंग'वर जाऊन 'इन्क्लूड चॅप्टर नंबर'वर खूण करा. त्या लेबलची आधीची सगळी कॅप्शनंही बदलतात. पण त्यासाठी प्रकरणाचं शीर्षक 'हेडिंग १' या स्टाइलमध्ये हवं आणि त्याचा क्रमांक 'मल्टिलेव्हल लिस्ट'मधून आलेला हवा. शीर्षक 'हेडिंग १'मध्ये असूनही 'प्रकरण ३' हे हाताने लिहिलं असेल, तर वर्डला तो प्रकरणाचा क्रमांक वाटतच नाही आणि आकृती ०.१ अशी नामुष्की पदरी येते. लिस्टच्या नंबर फॉरमॅटमध्ये आकड्याच्या आधी 'प्रकरण' हा शब्द एकदा लिहून ठेवा, तो प्रत्येक प्रकरणाला आपोआप लागेल.

बाइंडिंगला देण्यापूर्वी कंट्रोल-एफ करून इंग्रजी 'एरर' हा शब्द रोमन लिपीत शोधा. काढून टाकलेल्या आकृतीचा संदर्भ कुठे मागे राहिला असेल, तर तिथे वर्डने 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं छापलेलं असतं. हे वाक्य ठळक अक्षरात बांधलेल्या प्रबंधात मी पाहिलंय आणि त्या मुलासाठी फार वाईट वाटलं होतं. झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेऊ नका. पीडीएफ स्वतःच्या संगणकावर करा आणि तीच न्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलांसाठी विज्ञानाची कृतिपुस्तिका लिब्रेऑफिस रायटरमध्ये करतोय. आकृत्यांचे क्रमांक दोनदा दोनदा येतात, १, १, २, २ असे. — एक शिक्षक, यवतमाळ

उत्तर : इथेही दोन माळाच आहेत, फक्त नावं वेगळी. रायटरमध्ये 'इन्सर्ट कॅप्शन'च्या खिडकीत 'कॅटेगरी' म्हणून एक चौकट असते. फोटो घातला तर तिथे एक कॅटेगरी आपसूक येते आणि रायटरमध्येच काढलेली रेखाकृती असेल तर दुसरी. तुमच्या पुस्तिकेत दोन्ही असणार : झाडाच्या पानाचा फोटो फोनवरून घेतलेला आणि विजेच्या मंडलाची आकृती तिथेच रेघा ओढून काढलेली. प्रत्येक कॅटेगरीची मोजणी वेगळी चालते.

कॅटेगरीच्या चौकटीत स्वतःच 'आकृती' असं टाइप करा आणि फोटो असो वा रेखाचित्र, दोन्हींना तीच द्या. आधीच्या चुकीच्या कॅप्शनमधल्या क्रमांकाच्या जागी बरोबर कॅप्शनचा क्रमांक कॉपी करून चिकटवा आणि एफ९ दाबा. क्रमांक खरोखर फील्ड, म्हणजे आपोआप मोजला जाणारा, आहे की टाइप केलेला, हे ओळखायला कंट्रोल-एफ८ आहे. फील्डच्या मागे करडी छटा येते, साध्या आकड्यामागे येत नाही.

रायटर चित्र आणि कॅप्शन मिळून एक फ्रेम करतो. ती फ्रेम धरून हलवा, आतलं चित्र नव्हे, नाहीतर चित्र एकीकडे आणि नाव दुसरीकडे होतं. फ्रेमचा नांगरही योग्य परिच्छेदालाच आहे ना, ते बघा. मुलं 'आकृती ४ बघा' वाचून खरोखर बोट ठेवून आकृती ४ शोधतात. सापडली नाही तर प्रयोग तिथेच सोडून देतात, म्हणून पुस्तिकेत हे काम प्रबंधाइतकंच काटेकोर हवं.

प्रश्न : गावच्या देवळांवर पुस्तक लिहितोय. कॅप्शनमध्ये आकडे इंग्रजी येतात, मला देवनागरी हवेत. आणि एकाच आकृतीचे 'अ' आणि 'ब' भाग दाखवताना दुसऱ्या भागाला पुढचा क्रमांक लागतो. — एक निवृत्त अभियंता, फोंडा, गोवा

उत्तर : देवनागरी आकड्यांसाठी कॅप्शनच्या खिडकीत 'नंबरिंग'वर जा आणि 'फॉरमॅट'ची यादी उघडा. ऑफिसच्या भाषांत मराठी किंवा हिंदी जोडलेली असेल, तर त्या यादीत १, २, ३ शोधा आणि निवडा. नसेल तर आधी 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' इथे जाऊन मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. ज्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी १ची कळ दाबली की देवनागरी १ उमटतो, तसा फाँट नुसत्या आकड्याला देऊन काम भागवू नका. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की आकडे पुन्हा इंग्रजी होतात. प्रकरण क्रमांक हेडिंगच्या लिस्टमधून येतो, म्हणून तिथलाही फॉरमॅट देवनागरी करा, नाहीतर एकाच कॅप्शनमध्ये अर्धा आकडा इंग्रजी आणि अर्धा मराठी दिसेल.

दुसऱ्या भागासाठी पहिल्या भागाचं 'आकृती' आणि क्रमांक कॉपी करून चिकटवा. मग त्या आकड्यावर कर्सर ठेवून शिफ्ट-एफ९ दाबा म्हणजे फक्त त्याचाच कंस उघडेल. कंस संपण्याआधी एक मोकळी जागा, एक उलटी तिरकी रेघ आणि तिला चिकटून रोमन लिपीतलं लहान सी लिहा. याचा अर्थ, नवा आकडा मोजू नको, मागचाच पुन्हा दाखव. पुन्हा शिफ्ट-एफ९, मग एफ९. आता दोन्हीकडे एकच क्रमांक येईल. पुढचे 'अ' आणि 'ब' कंसाबाहेर साध्या मजकुरात लिहा. सूचीत दोन्ही भाग वेगवेगळे येतील. तुम्हाला एकच नोंद हवी असेल, तर दोन्ही चित्रांखाली एकच कॅप्शन ठेवा : 'आकृती ६ : दीपस्तंभ, (अ) पूर्वेकडून, (ब) पायथ्याचं कोरीव काम'. देवळांच्या पुस्तकात मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण वाचकाला दोन्ही चित्रं एका नजरेत जोडून बघता येतात.